दाखला मिळाला, रोग उरला

जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार 'जागतिक कुष्ठरोग दिन' म्हणून पाळला जातो. राऊल फॉलेरो या फ्रेंच लेखक-पत्रकाराच्या प्रयत्नांतून १९५४ साली ही प्रथा सुरू झाली. आपल्या देशात महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, म्हणजे ३० जानेवारीला, हा दिवस पाळतात. त्या दिवशी ग्रामसभांत शपथ घेतली जाते, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर फलक लागतात, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात. पुढच्या आठवड्यात फलक उतरतात आणि विषयही उतरतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा तर असा समज आहे की कुष्ठरोग हा आजोबांच्या काळातला रोग होता, सरकारने तो कधीच हद्दपार केला, आणि आता तो केवळ शुभवर्तमानाच्या पानांत व बाबा आमटे यांच्या चरित्रात उरला आहे.

हा समज चुकीचा आहे. तो चुकीचा का आहे, तो कसा रूढ झाला आणि त्याची किंमत कोण मोजत आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

न दुखणारा चट्टा

काही वर्षांपूर्वी सुरगाणा भागातील एका पाड्यावर ख्रिस्तयागासाठी गेलो असता एक तरुण आमच्याकडे आला. द्राक्षाच्या हंगामात तो निफाडकडे मजुरीला जात असे. त्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याची मोठी जखम होती. चुलीवरचे तापलेले भांडे त्याने उचलले आणि हात भाजल्याचे त्याला कळलेच नाही; बाजूला बसलेल्या बहिणीने ओरडून सांगितले तेव्हा कळले. दंडावर दोन वर्षांपासून एक फिकट चट्टा होता. औषधांच्या दुकानातून नायट्याचे मलम आणून तो लावत होता. "फादर, खाजत नव्हता, दुखत नव्हता, मग दाखवायचा कशाला?" त्याचे हे शब्द आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत.

त्याला उपचार मिळाले. बारा महिन्यांची औषधे त्याने पूर्ण केली. तो बरा झाला. परंतु दोन बोटे वाकली ती वाकलीच. दोन वर्षे आधी कोणी तो चट्टा पाहिला असता, तर ती बोटे आज सरळ असती. कुष्ठरोगाचे सारे दुःख या 'दोन वर्षे आधी' या शब्दांत सामावलेले आहे.

इतर रोग वेदनेने आपली वर्दी देतात. कुष्ठरोग वेदनाच हिरावून घेतो. 'मायकोबॅक्टेरियम लेप्री' हा जीवाणू त्वचेवर आणि त्वचेलगतच्या चेतातंतूंवर हल्ला करतो. चेतातंतू निकामी झाले की स्पर्श जातो, उष्ण-शीत कळेनासे होते, घाम येईनासा होतो, स्नायू दुबळे पडतात. 'कुष्ठरोगात बोटे झडतात' हे लोकांत रुजलेले वाक्य खरे नाही. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की हातापायांची हानी मुख्यतः बधिरतेमुळे होते. काटा रुततो, चटका बसतो, दगड टोचतो. वेदना नसल्यामुळे मनुष्य जखमेकडे लक्ष देत नाही, आणि न जपलेली जखम हाडापर्यंत जाते. म्हणूनच बधिर पायाच्या माणसासाठी मऊ रबराची विशेष पादत्राणे हे औषधाइतकेच मोलाचे साधन ठरते.

नोंदवहीचे गणित

मग सरकारने 'निर्मूलन झाले' असे का म्हटले? येथे थोडे गणित समजून घ्यावे लागेल.

१९९१ साली जागतिक आरोग्य परिषदेने ठराव केला की २००० सालापर्यंत 'सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून' कुष्ठरोगाचे दूरीकरण साधावे. त्याची व्याख्या अशी ठरली: दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकापेक्षा कमी असणे. भारताने हे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठले आणि तशी घोषणा झाली. घोषणा खोटी नव्हती. परंतु 'सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून' हे शब्द मागे पडले आणि 'दूरीकरण' एवढाच शब्द लोकांच्या कानी राहिला.

या मोजणीची मर्यादा एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. एका वसतिगृहात दरवर्षी शंभर नवी मुले येतात आणि पाच वर्षे राहतात असे समजा. हजेरीपटावर पाचशे नावे असतील. आता अभ्यासक्रमच एक वर्षाचा केला तर पटावर शंभर नावे उरतील. येणारी मुले मात्र पूर्वीइतकीच आहेत! कुष्ठरोगाचे काहीसे असेच झाले. पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे, कित्येकांना आयुष्यभर, घ्यावे लागे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमाइन आणि डॅप्सोन यांच्या एकत्रित वापराची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची, शिफारस केली. आज कमी जीवाणूंच्या प्रकारात सहा महिने आणि अधिक जीवाणूंच्या प्रकारात बारा महिने औषधे पुरतात. उपचार संपले की नाव नोंदवहीतून कमी होते. ही विज्ञानाची मोठी देणगी आहे आणि तिने कोट्यवधी माणसांना बरे केले आहे. परंतु नोंदवही रिकामी होणे आणि रोगाचा प्रसार थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रसार थांबला का, हे नव्या रुग्णांच्या संख्येवरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२३ साली जगात सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १ लाख ७ हजारांहून अधिक एकट्या भारतात होते. म्हणजे जगातील दर पाच नव्या रुग्णांमागे जवळजवळ तीन भारतीय. २०१९ साली हा आकडा भारतात १ लाख १४ हजारांच्या आसपास होता. २०२० साली तो एकदम सुमारे ६५ हजारांवर आला. रोग एका वर्षात निम्म्यावर आला असे कोणीही म्हणणार नाही; कोविडच्या टाळेबंदीत रुग्ण शोधणारे पाय थांबले, एवढाच त्याचा अर्थ. जेवढे शोधावे तेवढे सापडतात, आणि शोधणे थांबले की रोग गेल्यासारखा वाटतो.

२००५ च्या घोषणेनंतर असेच घडले. कुष्ठरोगासाठी असलेली स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्य सेवेत आधीच विलीन झाली होती. तत्त्वतः ते योग्य होते, कारण वेगळ्या दवाखान्यामुळे रुग्णावर शिक्का बसतो. परंतु घरोघर जाऊन चट्टा ओळखणारे अनुभवी कर्मचारी निवृत्त होत गेले, तरुण डॉक्टरांना शिक्षणकाळात असे रुग्ण फारसे दिसेनासे झाले, आणि 'रुग्ण स्वतःहून येईल' यावर भिस्त राहिली. ज्या रोगात दुखत नाही, आणि ज्याच्या नावानेच माणूस घाबरतो, त्या रोगाचा रुग्ण स्वतःहून कसा येईल? शेवटी २०१६ पासून देशात पुन्हा घरोघरी शोधमोहिमा सुरू कराव्या लागल्या, आणि त्यांत हजारो दडलेले रुग्ण पुढे आले.

हवामानाचा नव्हे, दारिद्र्याचा रोग

कुष्ठरोगाला 'उष्ण कटिबंधातील रोग' म्हणण्याची रीत आहे. आजचा नकाशा पाहिला तर ते खरेही वाटते: भारत, ब्राझील, इंडोनेशिया हे तीन देश सर्वांत पुढे आहेत. परंतु रोगाचा जीवाणू शोधला गेला तो बर्फाळ नॉर्वेत. बेर्गन शहरात डॉ. गेर्हार्ड आर्माउर हान्सेन यांनी १८७३ साली तो पाहिला, कारण त्या काळी नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी कुटुंबांत हा रोग घरोघरी होता. १८५६ साली त्या देशाने कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली होती. पुढे नॉर्वेतून रोग गेला, आणि तो प्रभावी औषध निघण्यापूर्वीच ओसरू लागला होता. हवामान तेच राहिले. बदलली ती माणसांची घरे, अन्न आणि राहणी.

हे नाशिककरांनी नीट समजून घ्यावे. रोगाचा प्रसार मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडावाटे उडणाऱ्या तुषारांतून आणि दीर्घकाळच्या निकट सहवासातून होतो. हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही. बहुसंख्य माणसांत त्याला तोंड देण्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. ज्यांना लागण होते त्यांच्यातही लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, आणि कधी वीस वर्षेही लागतात. म्हणून एका खोलीत आठ-दहा माणसे निजतात अशा घरांत, जिथे पोषण अपुरे आणि दवाखाना दूर, तिथे हा रोग पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करतो.

आपल्या जिल्ह्याचा पश्चिम भाग डोळ्यांपुढे आणावा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी तालुके आहेत. पाऊस मुबलक, परंतु भाताची कापणी झाली की रोजगार नाही. कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर किंवा सीमेपलीकडे गुजरातेत जातात. आशा सेविका पाड्यावर येते तेव्हा घराला कडी असते, आणि जिथे माणूस मजुरी करतो तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्याचे नाव नसते. सहा किंवा बारा महिन्यांचे औषध चालू असताना स्थलांतर झाले तर पाकिटे अर्धवट राहतात. शेजारचा पालघर, उत्तरेकडचा नंदुरबार, पूर्वेकडचे चंद्रपूर आणि गडचिरोली येथेही चित्र फारसे वेगळे नाही.

एक गोष्ट उमेद वाढविणारी आहे. नाशिक जिल्ह्यातच उगम पावणारी दमणगंगा ज्या प्रदेशातून पुढे वाहते, त्या दादरा व नगर हवेलीत गेल्या दशकात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. रुग्णाच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना तपासून, रोग नसल्यास रिफाम्पिसिनची एकच मात्रा प्रतिबंधक म्हणून देण्याची ही पद्धत. बांगलादेशातील पूर्वीच्या चाचणीत अशा एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत लागणीचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही ती स्वीकारली. परंतु ही मात्रा देण्यासाठी रुग्णाने आपले घर, आपले शेजारी दाखवावे लागतात. ज्या गावात नाव उघड झाल्यास मुलीचे लग्न मोडते, तिथे कोण दाखवील? औषध तयार आहे. ते घरात शिरण्यासाठी दार मात्र समाजाने उघडायचे आहे.

महाराष्ट्राचा वारसा

महाराष्ट्राला या सेवेचा मोठा वारसा आहे. मुंबईत माटुंगा-वडाळा भागात महापालिका आयुक्त अॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. तेच आजचे अॅकवर्थ रुग्णालय. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ साली आनंदवन वसविले आणि कुष्ठमुक्त माणूस भिक्षेवर नव्हे, आपल्या श्रमावर जगू शकतो हे सिद्ध केले. त्याच वर्षी वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार यांची त्याने घातलेली सांगड पुढे देशभर अनुसरली गेली.

ख्रिस्ती सेवकांचाही या कार्यात वाटा आहे. वेलेस्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या 'द लेप्रसी मिशन'ची कोठारा आणि मिरज यांसारख्या ठिकाणची रुग्णालये पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ठाऊक आहेत. नाशिकमध्ये या संस्थेचे व्यवसाय प्रशिक्षण केंद्र असून, कुष्ठरोगाची झळ लागलेल्या कुटुंबांतील मुलांना तेथे हाताला काम देणारे शिक्षण मिळते. कॅथलिक धर्मगुरूंत फादर कार्लो तोरियानी यांचे नाव घ्यावे लागेल. मुंबईतील 'लोक सेवा संगम' आणि तळोजाजवळील 'स्वर्गद्वार' आश्रम हे त्यांच्या कार्याचे फलित. आणि हवाईतील मोलोकाई बेटावर १८७३ साली, म्हणजे हान्सेन यांनी जीवाणू पाहिला त्याच वर्षी, पाऊल ठेवणारे फादर डेमियन आपणा सर्वांना परिचित आहेत. सोळा वर्षे रुग्णांत राहून, स्वतः त्याच रोगाने, ते १८८९ साली निवर्तले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. एकाने प्रयोगशाळेत रोगाचे कारण शोधले, दुसऱ्याने बेटावर रुग्णाचा हात धरला. दोन्हींची गरज होती, आजही आहे.

मात्र वारशाचा अभिमान बाळगताना एक धोका संभवतो. थोर माणसांच्या वसाहती आपण पाहतो, वंदन करतो, देणगी देतो आणि परततो. 'कुष्ठरुग्णांसाठी तिथे व्यवस्था आहे' असे मनाशी म्हणतो. आज ज्याला रोग होतो त्याला वसाहतीत जाण्याचे काहीच कारण नाही. उपचार सुरू होताच अल्पावधीत त्याच्याकडून लागण होणे थांबते. तो घरी राहून, कामावर जाऊन, मुलांना जवळ घेऊन बरा होऊ शकतो. त्याला आनंदवनाची नव्हे, आपल्या अंगणाची गरज आहे.

कायदा आणि आपण

१८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयस्थानात डांबण्याची मुभा दिली होती. तो कायदा संसदेने रद्द केला २०१६ साली. म्हणजे रोग बरा करणारे औषध हाती आल्यानंतर पस्तीस वर्षांनी. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५६ व्या अहवालात कुष्ठबाधितांविरुद्धच्या भेदभावाचा सविस्तर आढावा घेतला. २०१९ साली संसदेने पाच व्यक्तिगत कायद्यांतून घटस्फोटाचे वा पोटगी नाकारण्याचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख काढून टाकला.

त्या पाचांत एक कायदा ख्रिस्ती समाजाचा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली सुधारणा झाली तेव्हा 'असाध्य' कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात नव्याने लिहिले गेले. बहुविध औषधोपचार सुरू होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. रोग असाध्य राहिलेला नव्हता! ती ओळ अठरा वर्षे कायद्यात राहिली. याउलट बाराव्या शतकात, रोगावर कोणतेही औषध नसताना, परमगुरू तिसरे अलेक्झांडर यांनी स्पष्ट केले होते की पती वा पत्नीस कुष्ठरोग झाल्याने विवाहबंधन तुटत नाही, आणि निरोगी जोडीदाराने रुग्णाची सोबत करावी. आठशे वर्षांपूर्वीची ही शिकवण आपणच विसरलो, मग कायदा करणाऱ्यांना दोष काय द्यावा?

कायदा बदलला म्हणून व्यवहार लगेच बदलत नाही. लग्न ठरविताना होणारी कुजबुज कोणत्याही अधिनियमात लिहिलेली नसते. तरीही कायद्याने जे दिले आहे ते लोकांपर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. विकृती असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही अशा रुग्णांचा विचार आहे. पाड्यावरच्या वाकल्या बोटांच्या माणसाला अर्ज भरण्यास मदत करणारा कोणी हवा असतो. धर्मग्रामातील आपले सुशिक्षित तरुण हे काम एका दुपारी करू शकतील.

शब्दांची जखम

आता थोडे स्वतःकडे पाहू या. 'महारोगी' हा शब्द आपण किती सहज वापरतो! नकोशा माणसाला 'महारोग्यासारखे वाळीत टाकले' असे म्हणतो. प्रवचनांत 'पापाचा कुष्ठ' हा दृष्टान्त आम्ही स्वतः अनेकदा दिला आहे, हे येथे कबूल करतो. समोरच्या बाकावर एखादा कुष्ठमुक्त श्रद्धावंत बसला असेल आणि आपल्या शरीराचा रोग पापाच्या बरोबरीने मांडला जाताना ऐकत असेल, हा विचार आमच्या मनात तेव्हा आला नाही.

ही चूक मोठ्यांकडूनही होते. २०१३ साली परमगुरू फ्रान्सिस यांनी पदलालसेला कुष्ठाची उपमा दिली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचे कुष्ठरोग-निर्मूलन सदिच्छादूत योहेई ससाकावा यांनी अशा उपमेने रुग्णांविषयीचा पूर्वग्रह दृढ होतो असे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. पुढे २०१६ च्या जून महिन्यात व्हॅटिकनमध्येच कुष्ठबाधितांच्या प्रतिष्ठेविषयी परिसंवाद भरला आणि अनेक देशांतील कुष्ठमुक्त व्यक्ती तेथे स्वतः बोलल्या. चूक दाखविणारा आणि ऐकून घेणारा, दोघेही आदरास पात्र आहेत.

पवित्र शास्त्राविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या रोगाचे नियम आहेत, तो कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही उमटतो असे तेथे म्हटले आहे. उघडच त्या हिब्रू शब्दात त्वचेचे अनेक विकार, बुरशी आणि डाग यांचा समावेश होता. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो आणि तो एकच नव्हे. मराठीत दोहोंना एकच नाव मिळाल्याने जुन्या अशुद्धतेची कल्पना आजच्या रुग्णाच्या माथी बसली. आणि प्रभू येशूने काय केले, ते संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे: बरे करण्यापूर्वी त्याने हात पुढे करून त्या माणसाला स्पर्श केला. दुरून शब्द उच्चारूनही तो बरे करू शकला असता. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

२०२७ चे दोन मुहूर्त

केंद्र सरकारने ३० जानेवारी २०२३ रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आराखड्यानुसार २०२७ पर्यंत देशातील कुष्ठरोगाचा प्रसार खंडित करावयाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये कुष्ठरोग 'नोंद करणे बंधनकारक' असलेला रोग ठरविला, त्यामुळे खाजगी डॉक्टरांनाही नव्या रुग्णाची माहिती आरोग्य विभागास द्यावी लागते. २०२४ साली जॉर्डन हा कुष्ठरोगमुक्तीची अधिकृत पडताळणी झालेला जगातील पहिला देश ठरला. म्हणजे ध्येय अशक्य नाही. तथापि जॉर्डनची लोकसंख्या आणि भारताची लोकसंख्या, दोन्हीकडील रुग्णांची संख्या, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तारीख जवळ आली की आकडे कमी दाखविण्याचा मोह होतो, हा २००५ चा धडा विसरता कामा नये. २०२७ मध्ये अधिक रुग्ण सापडले तर ते अपयश समजू नये. शोध प्रामाणिक आहे याची ती खूण असेल. काळजी करावी ती दोन आकड्यांची: नव्या रुग्णांत बालके किती, कारण त्यावरून घराघरांत प्रसार चालू आहे का ते कळते, आणि निदानाच्या वेळीच विकृती आलेले किती, कारण त्यावरून आपण किती उशिरा पोहोचलो ते कळते.

योगायोग असा की २०२७ हेच नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचेही वर्ष आहे. शहर सजेल, रस्ते रुंदावतील, घाट धुतले जातील. रामकुंडाच्या पायऱ्यांवर वाकलेल्या बोटांनी वाटी धरून बसलेली जी माणसे आपण वर्षानुवर्षे पाहतो, त्यांचे काय होईल? शोभेसाठी त्यांना दूर नेऊन सोडणे सोपे आहे. त्यांच्यातील बहुतेकांचा रोग केव्हाच बरा झालेला असावा. उरली आहे ती विकृती आणि परतीचे बंद झालेले दार. त्यांना जखमांची शुश्रूषा, पादत्राणे, निवारा व अनुदान मिळावे, यासाठी आताच बोलले पाहिजे. आणि दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या यात्रेला जाताना आपणही अशाच हातांसमोर नाणे टाकून पुढे जातो, हे विसरू नये.

आपल्या धर्मग्रामात काय करावे

हे लिहिताना उपदेशाचा आव आणण्याची आमची इच्छा नाही. चार साध्या गोष्टी मात्र सुचवितो.

पहिली, लक्षणे जाणून घ्यावीत. त्वचेवरील फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा. कानाच्या पाळ्या जाड होणे. भुवयांचे केस विरळ होणे. हातापायांना मुंग्या वा बधिरता. चालताना पायातून चप्पल निसटणे. हातातली वस्तू गळून पडणे. यांपैकी काहीही आढळल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तपासणी व औषधे विनामूल्य आहेत.

दुसरी, आपल्या शाळा व वसतिगृहांत वर्षातून दोनदा मुलांची त्वचा तपासून घ्यावी. आदिवासी तालुक्यांतील शेकडो मुले-मुली आपल्या देखरेखीखाली वाढतात. पालकांनी ती आपल्या हाती सोपविली आहेत. मुलींची तपासणी धर्मभगिनींनी वा परिचारिकांनी करावी म्हणजे संकोच राहणार नाही.

तिसरी, जे मजुरीसाठी गाव सोडतात त्यांची माहिती धर्मशिक्षकांस असते. औषध चालू असलेल्या माणसाचे नाव बोभाटा न करता जपावे, आणि जिथे तो जातो तिथल्या आरोग्य केंद्रातून त्याला पाकिटे मिळतील असे आशा सेविकेच्या मदतीने पाहावे.

चौथी आणि सर्वांत अवघड, बऱ्या झालेल्या माणसाला त्याची जागा परत द्यावी. तो गाणारा असेल तर गायनवृंदात, वाचणारा असेल तर वाचनासाठी, काम जाणणारा असेल तर धर्मग्राम परिषदेत.

त्या सुरगाण्याच्या तरुणाची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. बरा झाल्यावर तो पुन्हा ख्रिस्तयागाला येऊ लागला. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की तो दोन्ही हात पाठीमागे घेऊन मान लववी. आम्हाला वाटले, लाजाळू आहे. पुष्कळ दिवसांनी उमगले की आपला हात कोणी धरणार नाही, ही खूणगाठ त्याने आधीच बांधली होती. आणि त्या छोट्या प्रार्थनामंदिरातील कोणीही, आम्ही धरून, ती सोडविण्यासाठी हात पुढे केला नव्हता. पुढच्या रविवारी वेदीवरून उतरून आम्ही त्याच्यापर्यंत गेलो. त्याने हात पुढे केला, परंतु त्याआधी क्षणभर आमच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या एका क्षणात जो प्रश्न होता, त्याचे उत्तर कोणत्याही सरकारी दाखल्यात मिळणार नाही. ते आपल्या प्रत्येक धर्मग्रामाला स्वतः द्यावे लागेल.